मृत्युपत्रात नसलेली दौलत

दुसऱ्याचे मृत्युपत्र वाचण्यात एक निराळीच गोडी असते. कोणाला काय दिले आणि कोणाला काय नाकारले, यावरून गेलेल्या माणसाचे मन ताडून पाहण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. विल्यम शेक्सपीअरच्या मृत्युपत्राचेही तेच झाले. १६१६ च्या मार्चमध्ये त्याने त्यावर सही केली आणि २३ एप्रिलला तो स्ट्रॅटफर्ड गावी वारला. इस्टेटीचा मोठा वाटा थोरल्या मुलीला, सुझॅनाला मिळाला. बायकोच्या नावे मात्र उल्लेख आहे तो घरातल्या दुसऱ्या प्रतीच्या पलंगाचा! झाले, त्या एका पलंगावर विद्वानांच्या पिढ्याच्या पिढ्या वाद घालीत बसल्या. नवरा अठरा वर्षांचा आणि बायको सव्वीस वर्षांची असताना झालेले हे लग्न सुखाचे होते की नव्हते, याचा निकाल म्हणे त्या पलंगावरून लावायचा!

खरे नवल वेगळेच आहे. सदतीस-अडतीस नाटकांत ज्याचा हात होता, त्या माणसाच्या मृत्युपत्रात एकाही नाटकाचा उल्लेख नाही. भांडी आहेत, घरे आहेत, तलवारसुद्धा आहे. 'हॅम्लेट' नाही, 'किंग लिअर' नाही.

याचे कारण साधे आहे. नाटके त्याच्या मालकीची नव्हतीच. ती नाटक मंडळीची होती. १५९४ पासून तो ज्या मंडळीत नट, लेखक आणि भागीदार होता, तिच्याजवळ ही बाडे असत. प्रत्येक नटाला स्वतःच्या भाषणांची तेवढी नक्कल मिळे. बाड छापून बाहेर गेले की नाटकाची मिरास दुसऱ्याच्या हाती जाण्याची भीती. म्हणून छपाईची घाई कोणालाच नव्हती. याच शेक्सपीअरने १५९३ आणि १५९४ साली आपली दोन दीर्घ काव्ये मात्र साउदॅम्प्टनच्या उमरावाला अर्पण करून नीट छापवून घेतली होती. त्याचा स्नेही बेन जॉन्सन याने १६१६ मध्येच स्वतःची नाटके निवडून, तपासून, भारदस्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. शेक्सपीअरने आपल्या नाटकांसाठी तसले काहीच केले नाही.

ते काम केले दोन नटांनी. मृत्युपत्रातच एक लहानशी ओळ आहे: मंडळीतल्या हेमिंग्ज, बर्बेज आणि काँडेल या तिघा सोबत्यांना आठवणीची अंगठी घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स. बर्बेज १६१९ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी १६२३ साली छत्तीस नाटकांचा ग्रंथ काढला. त्यांतली सुमारे निम्मी नाटके तोवर छापलेलीच नव्हती. 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'ट्वेल्फ्थ नाइट', 'टेम्पेस्ट' ही त्यांतलीच. हे दोघे नसते, तर ही नाटके आज आपल्याला कदाचित नावानेच ठाऊक असती. अंगठीची अशी परतफेड साहित्याच्या इतिहासात दुसरी सापडणे कठीण.

ही हकीकत नुसती मनोरंजक नाही. शेक्सपीअरची कला कशी जोखावी, हे ती सांगते. तो मनात एखादा अमूर्त मनुष्यस्वभाव धरून लिहीत नव्हता. ओळखीच्या नटांसाठी लिहीत होता. १६०० साली छापलेल्या 'मच अडू अबाउट नथिंग'च्या एका प्रवेशात डॉगबेरी या विनोदी कोतवालाच्या भाषणांपुढे चक्क 'केम्प' हे नटाचे नाव राहून गेले आहे. पुढे धांगडधिंगा करणारा हा केम्प मंडळी सोडून गेला आणि गाणारा, शहाणा रॉबर्ट आर्मिन आला. त्यानंतरचे विदूषक, विशेषतः लिअरचा विदूषक, हसवता हसवता काळजाला हात घालतात. हॅम्लेट, ऑथेल्लो आणि लिअर या तिन्ही भूमिका एकट्या बर्बेजने गाजविल्या. नटाचे वय वाढत गेले, तसा नायकही वयाने वाढत गेला असे दिसते.

यावर कोणी म्हणेल, सुनीतांत कवितेच्या अमरत्वाची ग्वाही देणारा कवी कीर्तीविषयी उदासीन कसा? आणि संपूर्ण 'हॅम्लेट' रंगभूमीवर चार तास चालते. मग ते वाचकासाठीही लिहिलेले नसेल कशावरून? आक्षेपात तथ्य आहे. तो कवी होताच, आणि वाचनातही तो उरतो. पण त्याची सर्वांत सखोल स्वगतेसुद्धा श्वास घेत, अडखळत, समोरच्या माणसांकडे पाहत बोलण्याची आहेत. टीपांच्या ओझ्याखाली ती वाचणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरता शेक्सपीअर भेटतो आणि निकालाबरोबर निघून जातो.

मराठीने हा कवी जिवंत ठेवला तोही नटांच्याच हातून. आगरकरांनी 'हॅम्लेट'वरून केलेले 'विकारविलसित' १८८३ साली प्रसिद्ध झाले. पण तो राजपुत्र लोकांच्या मनात बसला तो शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांमुळे. देवलांच्या 'झुंझारराव'ने ऑथेल्लोला मराठी अंगरखा चढविला. आणि १९७० मध्ये शिरवाडकरांनी 'नटसम्राट'मध्ये लिअरची व्यथाच एका म्हाताऱ्या नटाच्या घरात आणून बसविली. गणपतराव बेलवलकर सारी दौलत मुलांना वाटून मोकळे होतात. त्यांच्यापाशी उरतात त्या फक्त जन्मभर केलेल्या भूमिका. त्या कोणत्याच मृत्युपत्रात लिहिता येत नाहीत.

तेव्हा सणाच्या या सुटीत शेक्सपीअरच्या एखाद्या मराठी रूपांतरातला प्रवेश घरातल्या चौघांनी वाटून घेऊन मोठ्याने वाचावा. आजोबांनी राजा व्हावे, धाकट्याने विदूषक. अर्थ कुठे अडला तर अडू द्यावा. आवाज चढला की पुष्कळसा आपोआप सुटतो.