खरें शास्त्र आणि शास्त्राभास

वैद्यकांतील शास्त्राभास ओळखावा कसा, हें सामान्य वाचकास शिकविणारीं पुस्तकें थोडीं; आणि शिकवितां शिकवितां त्यास हंसविणारीं त्याहून थोडीं. डॉ. बेन गोल्डएकर यांचें ‘बॅड सायन्स’ (लंडन, २००८) हें या दुसऱ्या वर्गांतलें होय. ग्रंथकारांनीं याच नांवाचें सदर ‘गार्डियन’ पत्रांत २००३ पासून कांहीं वर्षें चालविलें होतें.

पुस्तकाचा विशेष असा कीं, तें ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असें न सांगतां कसोटीच वाचकाच्या हातीं देतें. शरीरांतील विष पायांवाटें काढून घेणाऱ्या विजेच्या पाण्याचें प्रकरण पाहा. पाय बुडवितांच पाणी तांबूस होतें, व गिऱ्हाइकास वाटतें, विष निघालें! ग्रंथकारांनीं घरींच मिठाच्या पाण्यांत दोन खिळे ठेवून वीज सोडली आणि बाहुलीचे पाय बुडविले. पाणी तरीही तांबूसच झालें; कारण तो रंग लोखंडाच्या गंजाचा. तुलनेसाठीं दुसरें भांडें ठेवावें, एवढेंच यांतलें शास्त्र.

तथापि विषय केवळ हंसण्याचा नाहीं. १९९८ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत वेकफील्ड प्रभृतींनीं अवघ्या १२ मुलांवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील संयुक्त लशीचा स्वमग्नतेशीं संबंध सुचविला. वृत्तपत्रांनीं तो गाजविला, आईबाप बिचकले, आणि २००८ पर्यंत इंग्लंडांत गोवर पुनः ठाण मांडून बसला. ग्रंथकार मुख्य दोष वृत्तपत्रांस देतात. आमच्या मतें हा निवाडा अपुरा आहे. ‘लॅन्सेट’नें तो लेख रद्द केला २०१० सालीं, म्हणजे १२ वर्षांनीं; त्याच वर्षीं वेकफील्ड यांचें नांव वैद्यकीय नोंदवहींतून काढलें गेलें. हें पुस्तकानंतर घडलें खरें. परंतु शास्त्राच्या दारचे पहारेकरीही डुलकी घेतात, हें वाचकानें विसरूं नये.

दुसरा दोष उपहासाचा. ग्रंथकारांचा रोख विकणाऱ्यांवर असला, तरी टोला विकत घेणाऱ्यासही लागतो. आणि दुखावलेला मनुष्य युक्तिवाद ऐकत नाहीं.

आमच्याकडे चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा १९५४ पासून आहे. परंतु कायद्याआधीं जाहिरातच घरांत पोंचते. म्हणून ‘तुलनेचें दुसरें भांडें कोठें आहे?’ असें विचारण्याची संवय घरोघर लागणें अगत्याचें आहे. ती लावणारें हें पुस्तक प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें अवश्य वाचावें.