नियमांची संहिता आणि जगाचे नागरिकत्व

'जागतिक नागरिकत्व' ही संज्ञा मराठीला सर्वस्वी नवी म्हणता येणार नाही. विनोबांनी 'जय जगत्' हा घोष दिला तेव्हा त्यामागे राष्ट्र-राज्याच्या मर्यादांचा विचार होताच. आणि या विषयावर लिहिताना पसायदानाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय तर आपल्याला नेहमीच उपलब्ध असते. परंतु २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत, चौथ्या उद्दिष्टाच्या सातव्या लक्ष्यात, हीच संज्ञा शिक्षणाचा विषय म्हणून येते तेव्हा तिचे स्वरूप पालटलेले असते. २०३० पर्यंत ती विद्यार्थ्यांना शिकवायची आहे, आणि शिकवली गेली की नाही हे मोजायचेही आहे. एका नैतिक आकांक्षेचे अभ्यासक्रमात रूपांतर होताना तिचे काय होते, या व्यापक प्रश्नाचा एक मर्यादित भाग प्रस्तुत लेखात तपासावयाचा आहे. तो भाग म्हणजे संगणकीय खेळ. भूक, विस्थापन, दारिद्र्य, युद्ध हे विषय तरुणांना खेळातून शिकवण्याचे प्रयत्न २००३ पासूनच्या दशकात आंतरराष्ट्रीय संस्थांनी, विद्यापीठांनी आणि काही स्वतंत्र रचनाकारांनी केले. त्यांची चर्चा मुख्यतः शिक्षणशास्त्राच्या अंगाने झाली. खेळण्यापूर्वीची वृत्ती आणि खेळल्यानंतरची वृत्ती यांत किती अंतर पडले, हा तेथील प्रश्न. खेळ स्वतः काय म्हणतो, हा प्रश्न समीक्षेचा आहे.

खेळाला संहिता मानावयाचे तर ती कोणत्या प्रकारची संहिता, हे आधी पाहिले पाहिजे. एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात अशा संहितांचा विचार केला की ज्यांच्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला पाने उलटण्यापलीकडचे श्रम करावे लागतात. इयान बोगोस्ट यांनी 'पर्स्वेसिव्ह गेम्स' (२००७) मध्ये त्याला वक्तृत्वशास्त्राची जोड दिली. खेळ आपले प्रतिपादन शब्दांतून आणि चित्रांतून जितके करतो त्याहून अधिक नियमांतून करतो, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. काय करता येते, काय करता येत नाही, कशाची किंमत मोजावी लागते आणि कशाची नाही, यांतून जगाचे एक चित्र उभे राहते व खेळणारा ते हातांनी वाचतो.

ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला मोक्षपट हा नियमांतून बोध करणारा खेळच होय. (ज्ञानदेवांचे कर्तृत्व ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध करणे अवघड आहे, येथे त्याचे प्रयोजनही नाही.) शिड्यांच्या पायथ्याशी सद्गुण, सापांच्या तोंडी दुर्गुण. घरांवरची ही अक्षरे वाचली तर पट सदाचाराचा उपदेश करतो असे वाटते. सोंगटी मात्र कवड्यांच्या दानाने चालते. खेळणाऱ्याला निवड म्हणून नाहीच. अक्षरांतील नीती प्रयत्नवादी आणि नियमांतील नीती प्राक्तनवादी, असा हा अंतर्विरोध आहे. तो दोष आहे की दर्शन, याविषयी मतभेद होऊ शकतील. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की खेळाचा आशय त्याच्या कथेवरून ठरवणे म्हणजे मोक्षपटाचा अर्थ केवळ घरांवरच्या नावांवरून ठरवण्यासारखे आहे.

जागतिक अन्न कार्यक्रमाने २००५ मध्ये विनामूल्य वितरित केलेल्या 'फूड फोर्स'कडे या दृष्टीने पाहता येईल. हिंदी महासागरातील शेलान नावाचे काल्पनिक बेट दुष्काळ आणि यादवी यांनी ग्रासलेले आहे. खेळणारा मदतपथकातील नवा सदस्य होतो आणि सहा कामगिऱ्या पार पाडतो. आकाशातून भुकेल्यांची गणना करणे, तांदूळ, घेवडा, तेल, साखर आणि मीठ यांचे माणशी तीस सेंटांत बसणारे मिश्रण तयार करणे, विमानातून पोती टाकणे, ट्रकांचा ताफा इष्टस्थळी नेणे, असे त्यांचे स्वरूप आहे. माहितीच्या दृष्टीने खेळ प्रामाणिक आहे. पण त्याच्या नियमांत भुकेला मनुष्य कोठेही कर्ता होत नाही. तो वरून मोजावयाचा ठिपका आणि खाली पोहोचवावयाच्या पोत्याचा धनी. यादवी ही ताफ्याच्या रस्त्यातील अडचण; तिची कारणे खेळता येत नाहीत. जागतिक नागरिक म्हणजे पुरवठ्याचा कुशल व्यवस्थापक, अशी व्याख्या कोणीही उच्चारलेली नसताना येथे सिद्ध होते.

'डार्फर इज डाइंग' (२००६) हा सुसाना रुईझ आणि त्यांच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील सहकाऱ्यांचा खेळ दुसऱ्या टोकाला उभा आहे. येथे खेळणारा मदतकर्ता नसून पीडित आहे. छावणीतील कुटुंबातून पाणी आणण्यासाठी एकाची निवड करावयाची, वाळवंटातून धावत जायचे, जंजावीद टोळ्यांच्या गाड्या दिसताच झुडपाआड दडायचे. सापडल्यास त्या मुलाचे वा मुलीचे काय होऊ शकते हे मोजक्या शब्दांत सांगितले जाते आणि पुढचा सदस्य निवडण्याची सूचना येते.

या खेळाचे समर्थन बहुधा समानुभूतीच्या आधारे केले जाते: पीडिताच्या जागी उभे राहिल्याने त्याचे दुःख कळते. आपल्या साहित्यशास्त्राला हे समर्थन इतक्या सहज मान्य होणार नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली त्यांत निजसुखादिविवशीभाव हे एक आहे. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेल्याला रसास्वाद होत नाही. धावणाऱ्या मुलीच्या मागे गाडी लागते तेव्हा खेळणाऱ्याच्या छातीत जी धडधड होते ती कोणाची? ती हरण्याची भीती आहे आणि ती त्याची स्वतःची आहे. भट्टनायकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे साधारणीकरण घडतच नाही. ममत्व सुटत नाही, उलट दर सेकंदाला दृढ होते. शिवाय ही भीती पुन्हा आरंभ करता येणारी भीती आहे. डार्फरमधील मुलीला ती सवलत नाही, हा आक्षेप आता पुष्कळांनी घेतलेला आहे आणि तो बरोबर आहे.

तरीही या खेळात एक नियम असा आहे की त्यासाठी सारा पाठलाग क्षम्य ठरावा. प्रौढ पुरुषाची निवड करू पाहिली तर खेळ ती स्वीकारत नाही. तो दिसला तर मारलाच जाईल, म्हणून त्याला पाठवत नाहीत. म्हणजे मुलांना आणि स्त्रियांना पाठवावयाचे, कारण त्यांच्या वाट्याला येणारा अत्याचार मृत्यूहून कमी निश्चित आहे. हा हिशेब एखाद्या वृत्तांतात वाचणे आणि बोट पित्याच्या चित्राकडे नेऊन ते मागे घ्यावे लागणे, यांत प्रतीतीचा फरक आहे. भीतीचा येथे संबंध नाही. एका कुटुंबाच्या विचारपद्धतीचे ज्ञान येथे होते, आणि ते नकारातून होते. खेळाच्या कर्त्यांनी या क्षणावर अधिक विश्वास टाकला असता आणि धावण्यावर कमी, तर कृती वेगळी झाली असती असे वाटते.

'आयिती: द कॉस्ट ऑफ लाइफ' (२००६) अधिक गंभीर विचाराची मागणी करतो. ग्लोबल किड्स ही संस्था, ब्रुकलिनमधील शाळकरी विद्यार्थी आणि गेमलॅब यांच्या सहकार्यातून तो घडला. हैतीच्या ग्रामीण भागातील पाच जणांचे गिनार कुटुंब. चार वर्षे, प्रत्येक वर्षात चार ऋतू. दर ऋतूत कोणी शाळेत जायचे, कोणी कामावर, कोणी विश्रांती घ्यायची, हे ठरवावयाचे. आरंभी आरोग्य, शिक्षण, पैसा किंवा सुख यांपैकी एका धोरणाची निवड असते. पहिल्या दोनतीन प्रयत्नांत कुटुंब बहुधा आजाराने कोलमडते. मुलांना शाळेत घातले की घरात पैसा नाही, कामाला लावले की ती आजारी, वादळ आले की सारेच संपले. दारिद्र्य म्हणजे आळस किंवा अज्ञान नव्हे, दारिद्र्य म्हणजे कोणताही पर्याय योग्य नसणे, हे या खेळाने जितक्या स्पष्टपणे दाखवले तितके क्वचितच कोणी दाखवले असेल.

परंतु अनेकदा खेळल्यावर काहीजण जिंकूही लागतात. ऋतूंची मांडणी नीट केली, योग्य वेळी पुस्तके घेतली, योग्य माणूस योग्य कामाला लावला की कुटुंब तरते. येथे नियम एक दुसरीच गोष्ट सांगू लागतो: तरणे शक्य होते, गिनार कुटुंबाला नियोजन जमले नाही. हैती गरीब का आहे, हा प्रश्न या नियमांच्या कक्षेबाहेर आहे. १८०४ मध्ये गुलामांनी बंड करून स्थापिलेल्या या राष्ट्राकडून फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका उभ्या करून, मान्यतेची किंमत म्हणून पंधरा कोटी फ्रँक मागितले. ती रक्कम १८३८ मध्ये नऊ कोटींवर आणली गेली, तरी तिच्या कर्जाचे ओझे पिढ्यानुपिढ्या राहिले. १९९०च्या दशकाच्या मध्यास तांदळावरील आयातशुल्क तीन टक्क्यांवर आले आणि अमेरिकेतील अनुदानित तांदळापुढे तेथील भातशेती टिकली नाही. गिनार कुटुंबाच्या चार वर्षांत यांपैकी काहीच घडत नाही; ते आधीच घडून गेलेले आहे आणि हवेसारखे सर्वत्र आहे.

एका तासिकेच्या खेळात एवढा इतिहास कसा मावावा, असे कोणी म्हणेल. कादंबरीतही तो मावत नाही. पण कादंबरी जे सांगत नाही त्याची जाणीव ती करून देऊ शकते. निवेदकाच्या स्वरातून, उपरोधातून, एखाद्या पात्राच्या अडखळण्यातून अनुक्त गोष्ट वाचकापर्यंत पोहोचते. ध्वनिसिद्धान्ताचा सारा डोलारा यावरच उभा आहे. नियमाला ही सोय नाही. नियमात जे नाही ते त्या जगात अस्तित्वातच नसते, आणि त्याची उणीव खेळणाऱ्याला जाणवत नाही. खेळांच्या समीक्षेला प्रथम याच मर्यादेशी झगडावे लागणार आहे.

वोल्फगांग इझर यांच्या अभिप्रेत वाचकाच्या धर्तीवर अभिप्रेत खेळाडूची कल्पना केली तर 'आयिती'चा खेळाडू दारिद्र्यापासून दूर कोठेतरी बसलेला दिसतो; त्याला ते अन्यत्र भेटावयाचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या मुलाने हा खेळ खेळला तर? शाळा की काम, हा प्रश्न त्याच्या घरी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उभा राहतो. पण त्याच्या उत्तरात मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल असते, नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब असतो आणि दूर कोठेतरी कारखाना असतो. या अनुभवाचा खेळ करावयाचा झाला तर खेळणाऱ्याला कोणाच्या जागी बसवावयाचे? कोयत्याच्या जागी बसवले तर करुणा निर्माण होईल. मुकादमाच्या जागी बसवले तर उचलीचा व्यवहार कळेल, आणि बहुधा स्वतःविषयी थोडे अप्रियही काही कळेल.

ही दुसरी वाट गोन्झालो फ्रास्का यांनी घेतली. हे उरुग्वेचे रचनाकार. २००१ मधील आपल्या प्रबंधात त्यांनी ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांची शोषितांच्या रंगभूमीची कल्पना खेळांना लावून पाहिली होती. २००३ मधील त्यांच्या 'सप्टेंबर ट्वेल्फ्थ'मध्ये पश्चिम आशियातील एक गजबजलेले गाव वरून दिसते. सामान्य माणसांच्या गर्दीत काही शस्त्रधारी फिरत असतात. खेळणाऱ्याच्या हाती केवळ क्षेपणास्त्राचे नेमयंत्र आहे. क्षेपणास्त्र किंचित उशिरा पोहोचते, तोवर गर्दी हललेली असते. मृतांभोवती माणसे जमतात, रडतात, आणि रडता रडता त्यांतील काहीजण शस्त्रधारी होतात. येथे जिंकणेही नाही, हरणेही नाही. पुन्हा आरंभ करण्याची सवलत 'डार्फर'मध्ये करुणेला मारक ठरते. येथे ती प्रतिपादनाचाच भाग होते, कारण कितीही वेळा आरंभ केला तरी नियम तोच राहतो. जागतिक नागरिकत्व हा शब्द या खेळात कोठेही नाही.

लुकास पोप यांच्या 'पेपर्स, प्लीज'मध्येही (२०१३) तो नाही. किंबहुना हा खेळ शिक्षणासाठी रचलेलाच नाही. आर्स्टोट्स्का या काल्पनिक देशाच्या सीमानाक्यावर, १९८२ साली, खेळणारा कारकून म्हणून कागद तपासतो. माणशी मजुरी मिळते. तीतून घरची ऊब, अन्न, औषध भागवावयाचे. एक पुरुष योग्य कागद दाखवून आत जातो. त्याच्या मागे त्याची पत्नी उभी असते आणि तिच्याजवळ परवाना नसतो. तिला सोडले तर चुकीची नोंद होते. पण दिवसातील पहिल्या दोन चुकांना दंड नाही, केवळ ताकीद आहे. हे एकदा ध्यानात आले की खेळणारा नकळत आपल्या दयेचे वाटप करू लागतो: दिवसाला दोन. तिसऱ्याची कहाणी कितीही खरी असली तरी शिक्का लाल पडतो. नागरिकत्व हा मुळात एक कागद आहे, तो काहींजवळ असतो आणि काहींजवळ नसतो, आणि त्याची तपासणी पगारी माणसे करतात, ही साधी वस्तुस्थिती जागतिक नागरिकत्वाच्या अधिकृत पाठांतून सहसा वगळली जाते. येथे ती खेळाचे एकमेव द्रव्य आहे.

यावर असे म्हटले जाईल की खेळ अपुरा असला तरी वर्गातील चर्चा त्याची उणीव भरून काढील. हे मान्यच आहे. 'आयिती' संपल्यावर १८२५ ची गोष्ट सांगणारा शिक्षक भेटला तर खेळाचा अर्थ बदलेल. मात्र त्या वेळी जे शिकवले गेले ते शिक्षकाने शिकवले, आणि खेळाने उदाहरण पुरवले, एवढे स्पष्ट असावे.

या विषयावर मराठीत काम करू इच्छिणाऱ्या अभ्यासकापुढे आणखी एक अडचण आहे, ती पाठनिश्चितीची. यांतील बरेच खेळ ब्राउझरमध्ये 'फ्लॅश'वर चालणारे होते आणि अडोबीने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. काही खेळ अनुकरण-प्रणालींच्या साहाय्याने पुन्हा चालतात. काहींच्या केवळ कोणीतरी खेळतानाच्या चित्रफिती मिळतात. चित्रफितीत एका खेळणाऱ्याने एकदा काढलेला मार्ग तेवढा दिसतो. त्याने ज्या मुलीला पाण्यासाठी पाठवले नाही तिला पाठवून पाहता येत नाही, आणि पित्याला पाठवण्याचा प्रयत्न त्याने केलाच नसेल तर तो नकारही तेथे नोंदलेला नसतो.