गाठदाबणीच्या द्रवचालित यंत्रांचे मूल्यमापन : एक टीकात्मक विचार

द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या सिद्धांताला १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा याने दाबयंत्राचे व्यावहारिक रूप दिले. बीड जिल्ह्यातील दिंद्रुड-माजलगाव परिसरासारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखात या सिद्धांताचा अत्यंत परिचित आविष्कार म्हणजे जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील गाठदाबणीचे यंत्र होय. सरकीपासून विलग झालेली रुई दाबून तिची १७० किलोग्रॅमची गाठ बांधणे, हे त्याचे कार्य. तथापि या यंत्राची योग्यता ठरविण्याची रूढ पद्धती तपासून पाहिली असता ती अपुरीच नव्हे, तर काही अंशी दिशाभूल करणारी आहे, असे म्हणावे लागते.

ही पद्धती मुख्यतः दोन अंकांवर विसंबते : कमाल दाब व मोटरीची शक्ती. एक कल्पित उदाहरण घेऊ. दट्ट्याचा व्यास ३० सेंटिमीटर, धाव २.४ मीटर, तेलाचा कमाल दाब चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम आणि पंपाचा पुरवठा मिनिटाला १०० लिटर आहे असे मानले, तर दट्ट्यावर सुमारे १४१ टनांचा जोर येतो आणि कमाल दाबाच्या क्षणी, घर्षणादी व्यय वगळूनही, सुमारे ३३ किलोवॅट शक्ती लागते. अभिकल्पक त्या मापाची मोटर बसवितो; ग्राहकही मोठा अंक पाहून संतुष्ट होतो.

परंतु रुईचा स्वभाव येथे दुर्लक्षिला जातो. सैल रुई आरंभी अल्प विरोध करते. तिचा प्रतिकार अखेरच्या टप्प्यात एकाएकी वाढतो. पहिल्या २ मीटरपर्यंत दाब ५० च्या आतच राहतो असे धरल्यास दोन पंपांची योजना संभवते. त्यांपैकी मिनिटाला ८० लिटर देणारा मोठा पंप ५० च्या पुढे भारमुक्त व्हावा आणि २० लिटरच्या लहान पंपाने उरलेले काम पुरे करावे. मग पहिल्या टप्प्यात सुमारे ८.२ आणि दुसऱ्यात ६.५ किलोवॅट पुरतात. म्हणजे मोटर जवळजवळ चौथाईवर येते. याचे मोल काळात द्यावे लागते : एका पंपाने १०२ सेकंदांत होणारी धाव आता १७० सेकंद घेते.

हे मोल परवडते की नाही, याचा निर्णय एकट्या दाबयंत्राकडे पाहून करता येत नाही. जिनांमधून तासाला १० गाठींपुरतीच रुई येत असेल, तर प्रत्येक गाठीस ६ मिनिटे उपलब्ध असतात. अशा कारखान्यात शीघ्र यंत्र केवळ रुईची वाट पाहत उभे राहील. सारांश, मूल्यमापनाचे एकक यंत्र नसून संपूर्ण कारखाना असावयास हवे.

दुसरा आक्षेप उष्णतेविषयी आहे. गाठ बांधली जाईपर्यंत दाब टिकवावा लागतो. त्या अवधीत मोठा पंप सुरक्षा-झडपेतून तेल परत टाकीत सोडीत राहिला, तर ती सर्व शक्ती उष्णतेत जाते. ३ मिनिटांत ५०० लिटर तेलाचे तापमान सुमारे ७ अंशांनी वाढावे, इतकी ही उष्णता असते. एकमार्गी झडपेने दाब कोंडून पंपाला भारमुक्त करणे, हा त्यावरील सरळ उपाय होय.

येथे स्थानिक हवामानाचा प्रश्न उपस्थित होतो. तेल ६० अंशांच्या आत ठेवावयाचे असेल, तर ३० अंशांच्या हवेत ३० अंशांचा अवकाश मिळतो. ४२ अंशांच्या उन्हाळ्यात तो १८ वर येतो, म्हणजे टाकीची उष्णता टाकण्याची क्षमता तीन-पंचमांश उरते. तापलेले तेल पातळ होते, पंपाची आंतरिक गळती वाढते. चांगल्या भावाच्या आशेने घरात साठविलेला कापूस शेतकरी उन्हाळ्यापर्यंत बाजारात आणतो. तेव्हा हिवाळी सकाळी थंड यंत्रावर चार गाठी दाबून घेतलेली चाचणी त्या दिवसांविषयी काहीच सांगत नाही. पाण्याने थंड करावयाची योजना अवर्षणप्रवण मराठवाड्यात भरवशाची नाही, आणि हवेने थंड करणाऱ्या जाळ्यांत रुईचे तंतू अडकतात. तेच तंतू टाकीच्या श्वासमार्गात शिरून तेल दूषित करतात. गळालेले तेल तर रुईच्या सान्निध्यात आगीचे भय निर्माण करते.

यावरून स्वीकार-चाचणीची काही अंगे निश्चित होतात : दर गाठीमागे लागलेली वीज, सलग पूर्ण पाळी चालल्यानंतरचे तेलाचे तापमान, तेही उष्ण ऋतूत, दाब कोंडला असता ठराविक वेळात होणारी त्याची घट, आणि हंगामाअखेर तेलाची शुद्धता. या कसोट्यांस महागडी साधने लागत नाहीत. वीजमापक, तापमापक, दाबमापक व घड्याळ एवढ्यांवर त्यांपैकी बहुतेक पार पडतात; शुद्धतेसाठी मात्र तेलाचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडावा लागेल.

कमाल दाबाचा अंक यंत्र काय करू शकेल, एवढेच सांगतो. ते कोणत्या खर्चात, कोणत्या ऋतूत आणि किती काळ करील, हे सांगत नाही. अनावश्यक विजेचा व बंद पडलेल्या पाळ्यांचा भार अखेर जिनिंगच्या दरात, आणि पर्यायाने कापसाच्या भावात उतरतो. म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने दाबाच्या सूत्राबरोबरच रुईचा प्रतिकार-वक्र आणि गावाचे तापमान यांचाही अभ्यास करणे अगत्याचे आहे.