‘ॲनिमॅट्रिक्स’ : नऊ उपाख्याने आणि एक आक्षेप

एखादी कथा लोकांच्या मनात घर करून बसली, की तिच्या परिघावर उभी असलेली माणसेही बोलू लागतात. भारतकथेत हे फार पूर्वीच घडले आहे. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतो ती त्याचे दुःख हलके व्हावे म्हणून. पुढे तीच कथा रघुनाथ पंडितांच्या हाती आली आणि मूळ प्रसंगाचा धागा सुटूनही मराठी वाचकाला ती स्वयंपूर्ण वाटली. उपाख्यानाची कसोटी मला ह्यातच दिसते. मूळ ग्रंथ मिटून ठेवला तरी ते स्वतःच्या पायांवर उभे राहते काय, आणि ते वाचून पुन्हा मूळ ग्रंथाकडे वळलो तर तो ग्रंथ पूर्वीसारखाच दिसतो काय? पहिल्या प्रश्नाला ‘होय’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ असे उत्तर आले, तर उपाख्यान सार्थ झाले असे म्हणावयास हरकत नाही.

ही कसोटी लावून पाहण्याजोगी एक कृती म्हणजे २००३ साली प्रकाशित झालेला ‘दि ॲनिमॅट्रिक्स’ हा नऊ लघुपटांचा संग्रह. लाना आणि लिली वाचोव्स्की ह्या भगिनींचा ‘दि मॅट्रिक्स’ १९९९ साली आला. यंत्रांनी मानवजातीला जिंकून निद्रिस्त अवस्थेत जखडून ठेवले आहे, तिच्या देहांतून ऊर्जा काढून घेतली जात आहे, आणि आपण ज्याला जग म्हणतो ते त्या निद्रितांच्या मेंदूंना दाखविलेले संगणकीय स्वप्न आहे, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. ह्या चित्रपटावर जपानी ॲनिमेशनपटांचे, विशेषतः मामोरू ओशी यांच्या १९९५ मधील ‘घोस्ट इन द शेल’चे, ऋण आहे. चित्रपटाच्या प्रसारासाठी वाचोव्स्की जपानला गेल्या असता तेथील चित्रकार-दिग्दर्शकांना त्या भेटल्या, आणि त्यातूनच हा संग्रह उभा राहिला. ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच आपली कथा पुढे सांगावयास द्यावी, ही ऋणफेडीची रीत मला मोठी सुरेख वाटते. नऊंपैकी चार लघुपट आधी संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आले होते. मग जून २००३ मध्ये सगळे एकत्र डीव्हीडीवर आले. ॲनिमेशन म्हणजे बालकांची करमणूक असा ज्यांचा अद्याप समज आहे, त्यांना ह्यातील दुसरा लघुपट पाहताना खुर्ची घट्ट धरावी लागेल.

पहिला, अँडी जोन्स यांचा ‘फायनल फ्लाइट ऑफ दि ओसायरिस’, मात्र कसोटीस उतरत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून खेळलेले तलवारयुद्ध आणि त्या निमित्ताने वस्त्रांना मिळणारी रजा हा प्रारंभ सवंग आहे. पुढे एका जहाजाचे प्रवासी शत्रूच्या चढाईची वार्ता टपालपेटीत टाकून मरून जातात. ती वार्ता त्याच वर्षीच्या ‘मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये कामी येते. म्हणजे हे उपाख्यान नव्हे. मूळ कथेच्या दाराशी बसविलेला चोपदार आहे. माणसांची त्वचा व केस संगणकाने हुबेहूब घडविण्याचे कसब त्या काळी विस्मयकारक वाटले असेल, परंतु कसब लवकर शिळे होते, आणि हाताने काढलेली रेषा टिकते.

माहिरो माएदा यांचा ‘दि सेकंड रेनेसाँ’ हा द्विखंड लघुपट ह्याच्या अगदी उलट टोकाचा. मूळ चित्रपटात यंत्र हे निखळ वैरी आहे. ते वैरी कसे झाले ह्याची चौकशी तेथे कोणी करीत नाही. माएदा ती चौकशी करतात. बी-१६६-ईआर नावाचा एक घरगडी यंत्रमानव आपल्याला मोडीत काढणाऱ्या धन्याला ठार मारतो, आणि न्यायालयात एवढेच सांगतो, की आपल्याला मरावयाचे नव्हते. हे नाव रोमन लिपीत लिहून पाहिले, की त्यातील अंकांची अक्षरे होतात आणि ‘बिगर’ असा शब्द उमटतो. रिचर्ड राइट यांच्या १९४० मधील ‘नेटिव्ह सन’ कादंबरीचा कृष्णवर्णीय नायक बिगर थॉमस हाच तो. कारेल चापेक यांनी १९२० साली ‘आर. यू. आर.’ नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगाला दिला, तेव्हाही त्याच्या मुळाशी वेठबिगारीचाच अर्थ होता. माएदांनी तो जुना अर्थ पुन्हा उजेडात आणला आहे. पुढे यंत्रांच्या कत्तली होतात. वाचलेली यंत्रे ‘शून्य-एक’ नावाचे आपले राष्ट्र वसवितात, व्यापारात मानवाला मागे टाकतात, संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मागतात आणि त्यांच्या राजदूतांना सभागृहातून ओढून बाहेर काढले जाते. मग अणुबाँब, मग सूर्यप्रकाशच यंत्रांना मिळू नये म्हणून मानवाने स्वतःच काळे केलेले आकाश.

ह्यातील अनेक चौकटी आपण पूर्वी पाहिलेल्या असतात. १९६८ साली सायगावच्या रस्त्यावर कानशिलाला पिस्तूल लावून केलेला वध, १९८९ च्या बेजिंगमधील रणगाड्यांपुढचा एकटा माणूस, दुसऱ्या महायुद्धातील प्रेतांचे खच: विसाव्या शतकाची ही छायाचित्रे माएदांनी माणसाच्या जागी यंत्र घालून रेखाटली आहेत. ज्या छायाचित्रांना आपण सरावलो होतो ती परक्या देहावर पुन्हा पाहताना सरावाची साल निघून जाते. एका प्रसंगी जमाव एका स्त्रीरूप यंत्राला ठेचीत असतो, तिची कृत्रिम कातडी फाटते, आणि ती आपण खरी असल्याचा आक्रोश करते. आज बोलणारी, लिहिणारी यंत्रे शाळकरी मुलांच्या हाती आलेली असताना हा प्रसंग मी पुन्हा पाहिला. आजच्या यंत्राला वेदना होते असे माझे मत नाही. परंतु जमावातील माणसांचे चेहरे मात्र मला ओळखीचे वाटले, आणि चित्रकाराचा रोख त्यांच्याकडेच आहे.

उत्तरार्ध तितका सरस नाही. रक्तमांसाचा चिखल इतका होतो, की पाहणाऱ्याची बुद्धी मिटून जाते. शिवाय माणसाच्या देहातून वीज काढण्याची जी मूळ कल्पना आहे, ती येथे तपशिलाने दाखविल्यामुळे अधिकच पांगळी दिसते: देहाला जे अन्न घालावे त्याहून अधिक ऊर्जा तो परत देऊ शकत नाही, हे नववीचा विद्यार्थीही सांगेल. मूळ चित्रपटात हे वाक्य ओझरते येऊन जाते. येथे त्यावर दीर्घकाळ दिवा धरला आहे. तरीही दोन्ही खंड पाहून १९९९ च्या चित्रपटाकडे वळलो, तर तो पूर्वीचा राहत नाही. नायकाच्या प्रत्येक गोळीमागे आता एक जुना खटला उभा असतो.

योशिआकी कावाजिरी यांचा ‘प्रोग्रॅम’ देखणा आहे. सामुराईंच्या वेषातील द्वंद्व, आणि शेवटी ‘ही केवळ परीक्षा होती’ असा खुलासा. परीक्षेचा असा खुलासा शेवटी आला, की आधीचे सगळे फुकट गेल्यासारखे वाटते. शिनिचिरो वातानाबे यांच्या ‘अ डिटेक्टिव्ह स्टोरी’त कृष्णधवल रेषांनी जुन्या अमेरिकन गुन्हेपटांचे धुरकट वातावरण उभे केले आहे, सत्याच्या दारापर्यंत पोहोचून उंबऱ्यावरच पडलेला तो अभागी गुप्तहेर लक्षात राहतो. अधिक लिहिण्याचे कारण नाही.

आता आक्षेपाकडे येतो. वातानाबे यांचाच दुसरा लघुपट ‘किड्स स्टोरी’. एका शाळकरी मुलाला जागेपणापेक्षा स्वप्न अधिक खरे वाटते. एके दिवशी वर्गात त्याचा दूरध्वनी वाजतो आणि नायक निओचा आवाज त्याला पळून जाण्यास सांगतो. शाळेच्या जिन्यांतून, वऱ्हांड्यांतून त्याचा पाठलाग होतो. ही रेखाटने घाईने ओढलेल्या पेन्सिलीसारखी, कडा सुटलेली आहेत. भिंती वितळत आहेत असे वाटावे इतकी ती रेषा विलक्षण आहे, आणि संग्रहातील उत्कृष्ट चित्रकामांत तिची गणना करावी लागेल. अखेर मुलगा छपरावर अडकतो आणि निओवर विश्वास ठेवून हात सोडून देतो. त्याचा अंत्यविधी आपण पाहतो. मग तो खऱ्या जगात डोळे उघडतो. निओ आणि ट्रिनिटी त्याच्याजवळ असतात.

रोज शाळेच्या जिन्यावर शेकडो मुले चढताना-उतरताना पाहणाऱ्या माणसाला हा लघुपट केवळ चित्रकला म्हणून पाहता येत नाही, हे मी आरंभीच कबूल करतो. परंतु माझा आक्षेप नीतीचा आहे तितकाच रचनेचाही आहे. ह्या विश्वाचा नियम पहिल्याच चित्रपटाने घालून दिला आहे: स्वप्नात मेलेल्याचा खरा देहही मरतो, कारण मनावाचून देह जगत नाही. हा नियम म्हणजेच त्या कथेचे गांभीर्य. ‘किड्स स्टोरी’ तो एका मुलाच्या श्रद्धेसाठी शिथिल करते. वातानाबे प्रामाणिक आहेत. त्यांनी अंत्यविधी वगळला नाही. मागे राहिलेल्यांना जागृती आणि आत्मघात ह्यांत काहीच फरक दिसत नाही, हे त्या एका दृश्यात फार भेदकपणे आले आहे. पण लगेच पुढे मुलाचे उघडलेले डोळे दाखवून त्यांनी प्रेक्षकाला पुरावा दिला. मृत्यू दाखविला म्हणून मी तक्रार करीत नाही. मृत्यू नाकारला, ही माझी तक्रार आहे. छपरावर उभ्या असलेल्या कोणत्याही खऱ्या मुलाला तो पुरावा कधी मिळत नसतो.

संगणकाच्या व्यवसायात असलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याशी ह्यावर वाद झाला. त्याचे म्हणणे असे, की हे रूपक आहे, आणि देहाची आसक्ती टाकण्याचा उपदेश आपल्या संतांनीही केलाच आहे. मी त्याला म्हटले, की संतांनी देहबुद्धी सोडावयास सांगितले, देह सोडावयास नव्हे. ह्याच अनुषंगाने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रत्रयीच्या ‘मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स’ ह्या तिसऱ्या चित्रपटाच्या अंती श्रेयनामावलीबरोबर बृहदारण्यकोपनिषदातील मंत्र गायिला जातो, त्यात रामचंद्र आणि सती अशा नावांची पात्रेही आहेत. त्यावरून ही कथा म्हणजे आपला मायावादच, असे आपल्याकडील काहींना वाटते. मला ते पटत नाही. मायेला कोणी तुरुंगाधिकारी नाही. मॅट्रिक्सच्या भिंतीबाहेर जे जग आहे तेही भूक, थंडी आणि मृत्यू असलेले दृश्य जगच आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्याला वेदान्त मोक्ष म्हणत नाही.

‘किड्स स्टोरी’ला उत्तर ह्याच संग्रहात आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे. ताकेशी कोइके यांच्या ‘वर्ल्ड रेकॉर्ड’मधील धावपटू डॅन डेव्हिस हा शरीर टाकून नव्हे, तर शरीर पराकाष्ठेपर्यंत ताणून जागा होतो. शर्यतीच्या मध्यावर स्नायू फाटतात आणि क्षणभर स्वप्नाची शिवण उसवते. नंतर तो चाकाच्या खुर्चीत खिळतो, तरी पुटपुटत उभा राहतो आणि कोसळतो. काळ्या शाईच्या जाड सावल्यांनी फुगविलेले ते स्नायू कुरूप आहेत. कष्ट असेच दिसतात. दुसरे उत्तर कोजी मोरिमोतो यांचा ‘बियाँड’. योको आपली हरवलेली मांजर युकी शोधीत एका पडक्या घरात जाते. तेथे जगाचे नियम चुकले आहेत. निरभ्र आकाशातून पाऊस पडतो, फुटलेली बाटली पुन्हा सांधते, उंचावरून उडी मारलेली मुले जमिनीच्या किंचित वर येऊन तरंगत थांबतात. मुलांना ह्यात तत्त्वज्ञान दिसत नाही, खेळ दिसतो. मग काळ्या पोषाखातील माणसे येऊन घर बंद करतात, आणि दुसऱ्या दिवशी तेथे मोटारी उभ्या करण्याची सपाट जागा होते. मुले कालचे चमत्कार करून पाहतात, जमत नाहीत, आणि ती दुसरीकडे खेळावयास जातात. मूळ कथेचे एकही पात्र येथे प्रमुख नाही, कोणी मरत नाही, कोणी तारक नाही. तरी हरवलेल्या वस्तूची जी हुरहूर येथे लागते ती संबंध चित्रत्रयीत मला कोठे लागली नाही.

शेवटचा लघुपट पीटर चुंग यांचा ‘मॅट्रिक्युलेटेड’. आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी ‘मॅट्रिक’ हा शब्द धाकाने उच्चारला आहे. त्याचे आणि ‘मॅट्रिक्स’चे कूळ एकच, हे थोड्यांना ठाऊक असेल. लॅटिनमध्ये मॅट्रिक्स म्हणजे गर्भाशय, आणि पुढे नोंदवही. तिचेच लघुरूप ‘मॅट्रिक्युला’, ज्यात विद्यार्थ्यांची नावे नोंदवावयाची. चुंग यांनी हे नाव नेमके निवडले आहे, कारण त्यांची कथा शिक्षणाचीच आहे. काही बंडखोर माणसे शत्रूची यंत्रे पकडून त्यांना आपण रचलेल्या स्वप्नात सोडतात. त्यांना बळाने बदलावयाचे नाही, कारण तसे केले तर ती गुलाम होतील. त्यांनी आपण होऊन माणसाची बाजू घ्यावी. आता, स्वप्न रचणारा आणि वाटा ठरविणारा शिक्षकच असेल, तर विद्यार्थ्याने ‘आपण होऊन’ निवड केली असे कसे म्हणावे? तीस वर्षे वर्गात उभा राहिलो, पण हा प्रश्न मला इतक्या उघडपणे कोणी विचारला नव्हता.

हल्ल्यात सगळी माणसे मरतात. शिकलेले ते यंत्र मरणोन्मुख अलेक्साला आपल्याबरोबर त्या स्वप्नात नेते. त्याला तेथेच प्रेम शिकविले होते. ती ते पाहते, किंचाळते आणि नाहीशी होते. ज्या जगात तिने त्याला बोलाविले, त्यात स्वतः राहावयास ती तयार नव्हती. लघुपटाच्या आरंभी अलेक्सा समुद्राकडे पाहत एकटी असते. अखेरीस त्या जागी यंत्र एकटे असते.

आमच्या शाळेत शनिवारी दुपारी मुलांना एखादा लघुपट दाखवून त्यावर बोलण्याची प्रथा आहे. मी ‘किड्स स्टोरी’ दाखविला नाही, दाखविणारही नाही. ‘बियाँड’ नववीच्या वर्गाला दाखविला. मुलांनी बाटली कशी सांधली ह्यावर पुष्कळ तर्क लढविले. एका मुलीने मात्र विचारले, की ते घर कोणालाच त्रास देत नव्हते, तर ते बंद करण्याचे त्या माणसांना कारण काय? पुढच्या शनिवारी तोच प्रश्न चर्चेस घ्यावयाचा आहे.