अ वर्गाची भूक

सवलत कशाशी खातात, हे सोलापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. एके काळी गांधी जयंतीच्या सुमारास खादी-हातमागाच्या दुकानांवर रिबेटच्या पाट्या लागत, आणि त्या दिवसापर्यंत घरातला टॉवेल फाटू न देण्याची दक्षता आम्ही मध्यमवर्गीय मंडळी घेत असू. त्या रिबेटला कुणी भीक म्हटलं नाही. ते सरकारचं धोरण होतं. मात्र तेच सरकार एखाद्या नाटकाला किंवा तमाशाच्या फडाला चार पैसे देऊ लागलं की त्याची उधळपट्टी होते.

आमच्या शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर या मताचे खंदे पुरस्कर्ते आहेत. "ज्याला नाचायचंय त्यानं स्वतःच्या पैशानं नाचावं की! आमच्या टॅक्समधून कशाला?" असं ते मला दर रविवारी, माझ्याच घरचा चहा पीत विचारतात. बँकांची बुडीत कर्जं कुणाच्या टॅक्समधून निस्तरली, हे मी विचारत नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

वास्तविक कलावंताला राजानं पोसायचं, ही रीत जुनी आहे. आमच्याच गावचा राम जोशी (१७६२–१८१२) घरची भिक्षुकी सोडून डफ-तुणतुण्याच्या नादी लागला, आणि त्याच्या लावणीचं पेशवाईत कौतुक झालं. तिथं अर्ज तीन प्रतींत द्यावा लागत नसे. मर्जी बसली की काम झालं. पण मर्जीचा एक दोष असतो. ती फिरते. त्यामानानं आजचा अर्ज बरा. अर्जाची मर्जी फिरत नाही, अर्जच फिरतो. या टेबलावरून त्या टेबलावर.

आता हेच पाहा. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्य सरकारची योजना १९५४-५५ पासूनची. हेतू उत्तम. पण सरकारी हेतूला वर्गवारीशिवाय झोप येत नाही. अगदी परवापरवापर्यंत 'अ' म्हणजे राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिना ३,१५० रुपये, 'ब' म्हणजे राज्य पातळीच्याला २,७०० आणि 'क' म्हणजे जिल्हा पातळीच्याला २,२५० रुपये मिळत. म्हणजे राष्ट्रीय पातळीची भूक आणि जिल्हा पातळीची भूक यांत सरकारी हिशेबानं दरमहा ९०० रुपयांचा फरक! वास्तविक राष्ट्रीय पातळीवर गाजलेल्याची निदान ओळखपाळख तरी असते. जिल्ह्याबाहेर ज्याला कुत्रं विचारत नाही, त्यालाच पैशाची गरज जास्त. २०२४ मध्ये सरकारनं योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आणि सर्वांना सरसकट ५,००० रुपये केले. अखेर पोट एका पातळीवर आलं म्हणायचं.

पण पैसे मिळायला पन्नाशी उलटलेली हवी, उत्पन्न तुटपुंजं हवं, कलेची सेवा केल्याचे पुरावे हवेत. आता जत्रेत रात्र रात्र हलगी वाजवणाऱ्यानं पुरावा कुठून आणायचा? त्याच्या बोटांना पडलेले घट्टे झेरॉक्स निघत नाहीत.

याच पंढरपूरच्या मातीतली दोन माणसं घ्या. जब्बार पटेल पंढरपुरात जन्मले, सोलापुरात शिकले. १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा त्यांच्या पिढीला मिळाली. १९७२ साली त्यांनी बसवलेलं 'घाशीराम कोतवाल' याच स्पर्धेसाठी पुण्यात उभं राहिलं. सत्तेवर असं झोंबणारं नाटक सरकारच्याच स्पर्धेतून यावं, याला मी सरकारी मदतीचा सर्वोत्तम नमुना म्हणतो. सरकारनं रंगमंच दिला, तारीख दिली, परीक्षक दिले, आणि काय बोलायचं ते नाटकवाल्यांवर सोडलं.

दुसऱ्या विठाबाई नारायणगावकर. त्याही जन्मानं पंढरपूरच्याच. राष्ट्रपती पुरस्कार एकदा नव्हे, दोनदा मिळाला. १९५७ साली आणि १९९० साली. पण अखेरच्या आजारपणात इस्पितळाची बिलं देणगीदारांच्या पैशातून भागवावी लागली. २००२ साली त्या गेल्या, आणि २००६ साली सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जीवन संपल्यावर गौरव वेळेवर सुरू झाला.

फरक कुठं पडला? माझ्या मते वकिलात. नाटकाला वकील आहे. १९०५ पासून नाट्य परिषद आहे, संमेलनं आहेत. २०२४ च्या जानेवारीत शंभराव्या संमेलनाचा विभागीय सोहळा आमच्या सोलापुरातही झाला. संमेलनात व्यासपीठ असतं, व्यासपीठावर मंत्री असतात, आणि मंत्र्यांसमोर ध्वनिक्षेपक असतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मागणी होते आणि घोषणाही होते. यात गैर काही नाही. पण ज्याला ध्वनिक्षेपकापर्यंत पोचता येतं, त्याचंच गाऱ्हाणं ऐकू जातं. हलगीवाला त्या वेळी मंडपाबाहेर पाहुण्यांच्या स्वागताला हलगी वाजवत असतो. त्याचं म्हणणं मांडणाराही कुणी आत बसलेला हवा ना!

आणि आपण? आपणही लाभार्थीच. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर २०१८ पासून त्यावर जीएसटी नाही. हुतात्मा स्मृती मंदिर महापालिकेनं बांधलं, म्हणून आपल्याला खुर्चीत रेलून नाटक बघता येतं. यासाठी आपण कधी उत्पन्नाचा दाखला जोडला नाही, की दरवर्षी हयातीचा दाखला दिला नाही. आपल्याला मिळते ती सोय, हलगीवाल्याला मिळतं ते अनुदान; एवढाच काय तो फरक.

हे सगळं मी गेल्या रविवारी शेजाऱ्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"ते सगळं पटलं हो. पण राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली ना? तुमची ओळख आहे तिथं. दोन पास मिळतील काय?"