बंदर आणि पाळणा

जॉन एफ. केनेडी यांचं ‘अ नेशन ऑफ इमिग्रंट्स’ हे छोटेखानी पुस्तक १९५८ मध्ये आलं. त्याची वाढवलेली आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९६४ मध्ये निघाली. १९२४ च्या कायद्याने १८९० च्या जनगणनेवर देशवार कोटे बेतले आणि दक्षिण व पूर्व युरोपातल्यांची वाट अडवली. त्या अन्यायाविरुद्ध हे पुस्तक उभं राहतं. त्याचं हे मोल मी मानतो. माझा आक्षेप शीर्षकामागच्या हिशेबावर आहे. तो प्रत्येक अमेरिकनाला शेवटी बंदरावर नेऊन उभा करतो. लोकसंख्या मात्र बंदरावर जितकी बदलते, तितकीच पाळण्यातही.

आफ्रिकेतून थेट आणलेल्या गुलामांची संख्या अभ्यासक सुमारे चार लाख धरतात. १८०८ पासून ही आयात कायद्याने बंद झाली. तरी १८६० च्या जनगणनेत गुलाम साडेएकोणचाळीस लाखांवर होते. बेड्या घालून आणलेल्यांना ‘स्थलांतरित’ म्हणता येत नाहीच. शिवाय केवळ आगमनं मोजली, तर त्यांच्या लेकरांनी घडवलेला देशही दिसत नाही.

आता कोट्यांचा काळ घ्या. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण १९७० पर्यंत ४.७ टक्क्यांवर उतरलं. पण १९३० ते १९७० या काळात लोकसंख्या १२.३ कोटींवरून २०.३ कोटींवर गेली. दार अरुंद झालं तरी देश वाढला, तो मुख्यतः जन्मांमुळे.

१९६५ च्या कायद्याने ते कोटे मोडीत काढले. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार पुढच्या पन्नास वर्षांतली ५५ टक्के लोकसंख्यावाढ नव्याने आलेल्यांमुळे, त्यांच्या मुलांमुळे आणि नातवंडांमुळे झाली. स्थलांतराचे समर्थक आणि विरोधक दोघेही हा आकडा वापरताना मुलं-नातवंडं गाळतात, तेव्हा मला खटकतं. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर तिथे जन्मलेलं स्थलांतरिताचं मूल सहसा जन्मतःच नागरिक असतं. जनगणनेच्या ‘परदेशात जन्मलेले’ या रकान्यात ते येत नाही. राजकीय वादात मात्र त्याच्याकडेच बोट दाखवलं जातं.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. न्यू जर्सीत जन्मलेलं मराठी घरातलं नातवंड कुठूनही ‘आलेलं’ नाही. ते तिथलंच आहे. येणाऱ्याचा गौरव केनेडींनी मनापासून केला. पण सगळ्यांनाच स्थलांतरितांचे वंशज म्हटलं, की येणं कधी संपतं आणि असणं कधी सुरू होतं, हे सांगता येत नाही. आज तिथला वाद नेमका त्याच रेषेवर चालला आहे.