ग्रेगोरियसचा राग: झिबिस्कोच्या तीन कुस्त्या आणि एक सिनेमा

आजचं बोलणं कुस्तीवर आहे, पण तांबड्या मातीतल्या कुस्तीवर नाही. आपल्या घरात जिला 'ती टीव्हीवरची खोटी कुस्ती' म्हणतात, त्या कुस्तीबद्दल मी बोलणार आहे. ही कुस्ती आवडणाऱ्यांना एक छंद असतो, किस्से गोळा करण्याचा. अमुक साली अमुक पैलवानानं काय केलं, कोण कुणाचा खरा भाऊ नव्हता, कुणी ठरलेला निकाल फिरवला, असे किस्से. 'तुम्हाला हे माहीत आहे का?' अशा याद्या आपण सगळेच वाचतो. मीही वाचतो, आणि आवडीनं वाचतो.

पण या याद्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्या माणसाचे तुकडे करतात. स्टॅनिस्लॉस झिबिस्को हा त्याचा सगळ्यात चांगला नमुना. आपल्याकडे तो गामा पैलवानाच्या गोष्टीत येतो, १९१० साली लंडनमध्ये गामासमोर आलेला पोलिश मल्ल म्हणून. अमेरिकन कुस्तीच्या याद्यांत तो १९२५ सालच्या एका दगाबाजीसाठी येतो. आणि सिनेमाच्या याद्यांत तो 'नाइट अँड द सिटी' या १९५० सालच्या चित्रपटातला म्हातारा मल्ल म्हणून येतो. तिन्ही याद्या वाचणाऱ्यालाही हा एकच माणूस आहे हे अनेकदा लक्षात येत नाही. आज मला हे तुकडे जोडून बघायचे आहेत. ते जोडले की एक गाजलेला सिनेमा आणि एक गाजलेला निबंध, दोन्ही थोडे वेगळे दिसायला लागतात.

सुरुवात लंडनपासून करू. १० सप्टेंबर १९१०. जॉन बुल पट्ट्यासाठी गामा आणि झिबिस्को समोरासमोर आले. गामानं सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं. त्यानंतर काय झालं? जवळजवळ काहीच नाही. झिबिस्को पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ कुस्ती चालली आणि त्यातला बहुतेक वेळ तो मॅटला चिकटून होता. गामा वर, हा खाली. उलटा करता येईना, आणि हा उठेना. अंधार पडायला लागला, कुस्ती सोडवली. पुढची तारीख १७ सप्टेंबर ठरली. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला.

आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा ती गामाच्या पराक्रमाची असते, आणि ते बरोबरच आहे. गुलाम देशातला पैलवान साम्राज्याच्या राजधानीत जाऊन जिंकतो, याचं मोल कमी करण्याचं कारण नाही. पण दुसऱ्या बाजूनं बघा. ही कुस्ती खरी होती. नुरा कुस्ती नव्हती, काही ठरलेलं नव्हतं. आणि खरी होती म्हणूनच ती बघायला भयंकर कंटाळवाणी होती. तिकीट काढून आलेल्या माणसानं अडीच तास एक पालथी पाठ बघितली. हरायचं नसलेल्या मल्लासाठी तो शहाणपणाचा मार्ग होता, प्रेक्षकासाठी मात्र शिक्षा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अमेरिका, १९२० नंतरची. धंदेवाईक कुस्तीचा गल्ला घसरत होता. एड 'स्ट्रँगलर' लुईस हा विजेता, बिली सँडो त्याचा व्यवस्थापक, आणि टूट्स माँट हा डोकेबाज सहकारी. या तिघांना पुढे 'गोल्ड डस्ट ट्रायो' असं नाव पडलं. त्यांनी कुस्तीला वेळेची मर्यादा घातली, उचलून आपटण्याचे झगमगीत डाव आणले, पैलवानांचा एक संचच पदरी ठेवला आणि त्यांना गावोगाव फिरवलं. निकाल अर्थातच आधी ठरलेले. तासन् तास पालथं पडून राहणं बंद झालं. म्हणजे आजच्या टीव्हीवरच्या कुस्तीचा आराखडा बराचसा इथं तयार झाला, आणि तो तयार होण्याचं एक कारण म्हणजे लंडनसारख्या रटाळ खऱ्या कुस्त्या.

या तिघांनी पुढची युक्ती केली ती वेन मन याला विजेता करण्याची. मन हा नेब्रास्काचा फुटबॉलपटू, साडेसहा फुटांचा गडी. दिसायला जबरदस्त, पण कुस्ती जेमतेम येणारा. जानेवारी १९२५ मध्ये कॅन्सस सिटीत लुईस त्याच्याकडून ठरवून हरला. गर्दी खूश, गल्ला भरला. मग मनचं नाव आणखी मोठं करायला जुने नावाजलेले मल्ल त्याच्यासमोर हरवायचे ठरले. १५ एप्रिल १९२५, फिलाडेल्फिया. समोर झिबिस्को. त्याचं काम एवढंच, हरायचं.

तो हरला नाही. त्याचं संधान आधीच विरोधी गोटाशी, म्हणजे जो स्टेकरच्या बाजूशी जुळलेलं होतं. पंचेचाळिशीच्या या माणसानं खरी कुस्ती धरली आणि मनला चितपट केलं, एकदा नाही, दोनदा. विजेतेपद उचललं, आणि ३० मे रोजी सेंट लुईसमध्ये स्टेकरला देऊन टाकलं. तिथून पुढे जागतिक विजेतेपदाचे दोन दावेदार झाले आणि ती फूट बरीच वर्षं भरली नाही.

आता यातली गंमत सांगतो. त्या संध्याकाळी फिलाडेल्फियातल्या प्रेक्षकांनी खरी कुस्ती पाहिली. ती रोजच्यापेक्षा वेगळी आहे हे त्यांना कोण सांगणार? मनला कळलं, त्याच्या कोपऱ्यातल्यांना कळलं, झिबिस्कोला माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी तो नेहमीचा खेळ होता.

इथं मी रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाकडे येतो. त्याचा कुस्तीवरचा निबंध १९५२ साली मासिकात आला आणि १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात तो पहिलाच आहे. कुस्तीबद्दल विचार करणाऱ्या कुणालाही तो टाळता येत नाही. बार्तचं म्हणणं थोडक्यात असं: ही कुस्ती खेळ नाही, देखावा आहे. ती ठरवलेली आहे का, याची प्रेक्षकाला फिकीर नसते. मुष्टियुद्धावर पैज लावता येते, कुस्तीवर पैज लावण्यात अर्थ नाही. इथं प्रत्येक क्षण स्वतःपुरता स्पष्ट असतो. दुःख, पराभव, न्याय, सगळं मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखं दिसतं.

निबंध उत्तम आहे. पॅरिसच्या कळकट हॉलमध्ये जाऊन, नाक न मुरडता, तिथल्या लोकांना काय दिसतं हे त्यानं पाहिलं. आपल्याकडच्या किती समीक्षकांनी तमाशाकडे किंवा जत्रेतल्या फडाकडे असं पाहिलं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. पण बार्त कायम खुर्चीत बसलेला आहे. तो प्रेक्षकाच्या जागेवरून उठत नाही, आणि म्हणून फिलाडेल्फिया त्याच्या मांडणीत बसत नाही. त्या रात्री सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दिसतच नव्हती. निकालाला अर्थ नाही असं प्रेक्षक म्हणू शकतो, पण त्या निकालावर ज्यांची पोटं होती त्यांना तो जिवापेक्षा मोठा होता. विजेतेपद ही मालमत्ता होती, आणि ज्याला खरी कुस्ती येत होती तो ती चोरू शकत होता. म्हणूनच नंतरच्या काळातही विजेता शक्यतो असा ठेवत, की समोरच्यानं बेईमानी केली तर त्याला आवरता येईल. लू थेझ हे त्यातलं मोठं नाव. म्हणजे खोट्याच्या राखणीला खरं लागत होतं. 'खरी की खोटी' हा प्रश्न बार्तनं बाद केला, पण धंद्यात तो रोज रात्री जिवंत होता.

आता सिनेमा. 'नाइट अँड द सिटी', दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन. कथा लंडनची. हॅरी फेबियन हा फुकटे बेत रचणारा माणूस, रिचर्ड विडमार्कनं केलेला. लंडनची कुस्ती क्रिस्टोच्या मुठीत आहे. क्रिस्टोचा बाप ग्रेगोरियस हा जुना ग्रीको-रोमन मल्ल. पोराचा तमाशा बघून तो संतापतो: ही काय कुस्ती? फेबियन हा राग ओळखतो आणि त्याचं भांडवल करतो. ग्रेगोरियसची भूमिका झिबिस्कोनं केली आहे. वय सत्तरीच्या आसपास.

शेवटी व्यायामशाळेत ग्रेगोरियस आणि स्ट्रँगलर यांची झुंज होते. स्ट्रँगलर केलाय माइक माझुर्कीनं, तोही मुळात धंदेवाईक मल्ल. ती काही मिनिटं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. डाव देखणे नाहीत. दोन जड शरीरं एकमेकांना दाबत आहेत, श्वास अडकतोय, चेहरे चेपले जातायत. म्हातारा जिंकतो, आणि मग पोराच्या हातात मरतो.

समीक्षक या दृश्याला सचोटीचा शेवट म्हणतात. जुनी शुद्ध कला नव्या बाजारात मरते. सिनेमाला तसंच म्हणायचं आहे, यात शंका नाही. पण किस्सा माहीत असला की अडचण होते. हा ग्रेगोरियस ज्या कुस्तीवर थुंकतो तिच्यातच झिबिस्कोनं संसार केला. १९२१ साली त्यानं लुईसकडून विजेतेपद घेतलं आणि पुढच्या वर्षी परत दिलं, ते याच धंद्याच्या रीतीनं. युरोपातल्या धंदेवाईक ग्रीको-रोमन स्पर्धांतही ठरवाठरवी चालायचीच. ज्या शुद्ध काळाची ग्रेगोरियस आठवण काढतो तो काळ इतका शुद्ध नव्हता. सिनेमा इथं भाबडा आहे, असं माझं मत आहे.

तरीही ते दृश्य खोटं वाटत नाही. का? कारण डॅसिननं संवादात जे चुकीचं सांगितलं ते शरीरातून बरोबर आलं. त्या झुंजीत लंडनची पालथी पाठ आहे. न सुटणारी पकड, रटाळ आणि दमवणारी. माँटच्या झगमगाटानं बाजूला सारलेली कुस्ती या सिनेमानं पंचवीस वर्षांनी पडद्यावर आणली, आणि तीही ठरवून. कॅमेऱ्यासमोर निकाल ठरलेलाच असतो ना! म्हणजे झिबिस्कोला खरी कुस्ती परत दाखवता आली ती नाटकात. बार्तला हे आवडलं असतं, असं मला वाटतं.

आणखी एक किस्सा, हा कुस्तीच्या याद्यांत क्वचित येतो, कायद्याच्या पुस्तकांत येतो. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रानं उत्क्रांतीवरच्या लेखात गोरिलाजवळ झिबिस्कोचा फोटो छापला आणि शरीरानं हा गोरिलाहून मूलतः वेगळा नाही, अशा अर्थाची ओळ खाली टाकली. त्यानं बदनामीचा दावा लावला. १९३० साली अपील न्यायालयानं ही तक्रार चालवण्याजोगी ठरवली. लोक हसतात या किश्शाला. मला हसू येत नाही. आयुष्यभर शरीर दाखवून पोट भरलेला माणूस म्हणतोय, मी शरीरच फक्त नाही. ग्रेगोरियसच्या रागाचं मूळ मला सिनेमापेक्षा या दाव्यात जास्त दिसतं.

शेवटी पतियाळा. जानेवारी १९२८. गामा आणि झिबिस्को पुन्हा समोर आले, दोघंही पन्नाशीला टेकलेले. गामानं एका मिनिटाच्या आत त्याला चितपट केलं. अठरा वर्षं अडलेली कुस्ती निकाली झाली. आपण इथं गोष्ट संपवतो: पळपुट्याचा हिशेब चुकता झाला. पण तो पळपुटाच असता तर पतियाळात आला कशाला? तीन वर्षांपूर्वी फिलाडेल्फियात ज्यानं सबंध धंद्याला फसवलं, तो इथं मोकळ्या मैदानात, गामाच्या लोकांत, हरण्याची पुरेपूर शक्यता घेऊन उभा राहिला. लंडनला गैरहजर राहणारा, फिलाडेल्फियात शब्द मोडणारा आणि पतियाळात हजर होणारा माणूस एकच आहे. त्याला साधू म्हणू नका, पण नुसता खलनायकही करू नका. गामाचा विजय त्यानं लहान होत नाही, उलट मोठा होतो. ज्याला हरवणं ठरवून आलेल्यांनाही जमलं नाही, त्याला गामानं मिनिटात पाडलं.

किश्शांवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगतो. त्यांच्याशिवाय बार्तचं कुठं अडतं आणि डॅसिनचं कुठं साधतं, हे मला कळलंच नसतं. पुढच्या वेळी 'तुम्हाला हे माहीत आहे का' असं वाचाल तेव्हा तिथं थांबू नका. त्या माणसानं त्याच्या आधी काय केलं आणि नंतर काय केलं, एवढं शोधा. पुष्कळदा तिथंच खरी कुस्ती सापडते.